लष्कराला पाचारण

पूर आला, दरड कोसळली किंवा दंगल हाताबाहेर गेली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्दांचा मथळा येतो: ‘लष्कराला पाचारण’. वाचणाऱ्याला वाटतं, मुख्यमंत्र्यांनी फोन उचलला आणि छावणीतून ट्रक निघाले. प्रत्यक्षात त्या दोन घटनांच्या मध्ये एक कागद असतो, आणि तो बहुतेक वेळा जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतो. लष्कराच्या मदतीचं मागणीपत्र. अत्यंत रूक्ष भाषेतला, पान-दीड पानाचा. भारतात मुलकी प्रशासन आणि सैन्य एकत्र कसं काम करतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात बंदुका आणि हेलिकॉप्टरांपासून न करता या कागदापासून करावी.

मागणीपत्रात काय लिहायचं, याचं एक शहाणपण आहे. नवखा अधिकारी लिहितो, ‘पन्नास जवान व दोन बोटी पाठवाव्यात.’ मुरलेला अधिकारी लिहितो, ‘अमुक गावात तीनशे लोक पाण्याने वेढले आहेत, रस्ता अमुक ठिकाणी तुटला आहे, त्यांना अंधार पडण्याआधी बाहेर काढायचे आहे.’ काम सांगायचं ते मुलकी अधिकाऱ्याने. ते किती माणसांनी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या बाजूने करायचं, हे लष्करी अधिकाऱ्याने ठरवायचं. तीनशे माणसांसाठी दोन बोटी पुरतील की सहा लागतील, प्रवाहाचा वेग पाहता बोट घालावी की दोर टाकावा, हे तहसील कचेरीत बसून ठरत नाही. उलट कोणतं गाव आधी आणि कोणतं नंतर, हे लष्कराने ठरवायचं नसतं. त्या निवडीचा जाब पुढे जनतेला द्यावा लागतो, आणि तो देण्याची जागा मुलकी खुर्ची आहे.

रीतसर मार्ग लांबचा आहे. जिल्ह्याकडून राज्य सरकारकडे, तिथून संरक्षण मंत्रालय आणि लष्करी मुख्यालयाकडे, आणि मग खाली संबंधित तुकडीकडे. पण पाणी गळ्याशी आलेलं असताना एवढी वाट कोण पाहणार? म्हणून नैसर्गिक आपत्तीत जवळच्या छावणीच्या प्रमुखाला जिल्हाधिकाऱ्याच्या विनंतीवरून लगेच तुकडी पाठवता येते, वरिष्ठांना तो मागाहून कळवतो. आलेल्या तुकडीला लष्करात ‘कॉलम’ म्हणतात. आणि इथे एक बारकावा सामान्यतः नजरेआड होतो. हा कॉलम जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली येत नाही. जवानाला हुकूम देतो तो त्याचाच सुभेदार, त्याचाच कॅप्टन. जिल्हाधिकारी त्या कॅप्टनला काम सांगू शकतो, पण त्याच्या जवानाला ‘इकडे ये’ म्हणू शकत नाही.

दंगलीच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे, आणि त्यामागे रक्ताचा इतिहास आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १४८ ते १५१ ही कलमं पाहा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद १२९ ते १३२ या कलमांत होती. बेकायदा जमाव आधी पोलिसांनी पांगवायचा. तसं जमलंच नाही आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी तो पांगवणं आवश्यकच असेल, तर तिथे हजर असलेला जिल्हा दंडाधिकारी, किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, लष्करी अधिकाऱ्याला तसं सांगू शकतो. अधिकाऱ्याला ते मानावंच लागतं, मात्र रीत त्याची. आणि त्या रीतीवर कायद्याने एक लगाम घातला आहे: कमीत कमी बळ, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होऊ शकत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर लष्करी अधिकारी स्वतःहून पाऊल उचलू शकतो. पण संपर्क होण्याजोगी परिस्थिती येताच त्याने तो साधायचा, आणि कारवाई चालू ठेवायची की थांबवायची हे पुन्हा दंडाधिकाऱ्याने सांगायचं. अशा प्रसंगात अगदी काही मिनिटांपुरती सूत्रं हातात आली, तरी ती परत करण्याची सोय कायद्यातच करून ठेवली आहे.

कमीत कमी बळाचं हे तत्त्व १९१९ मध्येही कायद्यात होतं. अमृतसरमध्ये ११ एप्रिलच्या रात्री तिथला डेप्युटी कमिशनर माइल्स आयर्विंग याने शहराचा ताबा प्रत्यक्षात लष्कराच्या हाती सोपवला. मार्शल लॉ अजून जाहीर व्हायचा होता, तो १५ तारखेला झाला. मधल्या काळात, १३ एप्रिलला, जनरल डायर जालियनवाला बागेत शिरला तेव्हा त्याच्याबरोबर दंडाधिकारी नव्हता. इशारा न देता सुमारे दहा मिनिटं गोळीबार झाला, १६५० फैरी झाडल्या गेल्या, आणि मृतांचा सरकारी आकडा ३७९ निघाला. बहुतेक भारतीयांनी तो कधीच खरा मानला नाही. पुढे हंटर समितीसमोर डायरने कबूल केलं की गोळीबाराशिवायही जमाव कदाचित पांगवता आला असता, पण मग लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते. डायरच्या क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आयर्विंगबद्दल फार कमी, आणि मला ते खटकतं. मुलकी अधिकाऱ्याने आपली खुर्ची रिकामी केली नसती, तर दोन दिवसांनी बागेत काय झालं असतं, हा प्रश्न विचारायला हवा.

स्वतंत्र भारताने ही सीमारेषा राज्यघटनेत आखली. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, पण सेनादलांचा वापर त्यातून वगळलेला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या सूचीत ‘२ क’ ही नोंद आली: मुलकी सत्तेच्या मदतीसाठी राज्यात केंद्राची सशस्त्र दलं तैनात करणं. या नोंदीतल्या ‘मदतीसाठी’चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या खटल्यात स्पष्ट केला. मदत म्हणजे मुलकी सत्तेची जागा घेणं नव्हे, सैन्य आलं तरी ती सत्ता चालूच राहते. त्याच निकालात तो कायदा मात्र वैध ठरला. ईशान्येत दशकानुदशकं ही ‘मदत’ संपलीच नाही, आणि तिथल्या लोकांना कागदावरची रेषा रस्त्यावर किती दिसली, ते त्यांनाच विचारावं.

चूक दुसऱ्या टोकालाही होते. सैन्य आलेलं असतं, पण त्याला काम कोणी सांगत नाही. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर १९९२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये दंगली पेटल्या, तेव्हा शहरात लष्कर होतं. ते फ्लॅग मार्च करत होतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये बाहेर आला. जानेवारीच्या दंगलीत लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, असा ठपका त्यात आहे. रस्त्यावरून शिस्तीत जाणारे सशस्त्र जवान पाहून पहिल्या दिवशी समाजकंटक दबकतात. दुसऱ्या दिवशी त्यांना कळतं की हे नुसतंच फिरताहेत. तिसऱ्या दिवशी ते फ्लॅग मार्च पुढे सरकण्याची वाट पाहून मग बाहेर पडतात. बळाचा धाक असा वापरून संपवता येतो, आणि मग खरोखर बळ वापरण्याची वेळ आली तर ते जास्त लागतं.

आपत्तीत दोन बाजूंचं नातं पुष्कळ सोपं असतं, कारण समोर शत्रू नसतो. पानशेतचं उदाहरण पुण्यात अजून सांगितलं जातं. जुलै १९६१ मध्ये अर्धवट बांधलेल्या धरणाचा मातीचा बांध खचू लागला, तेव्हा ११ तारखेच्या रात्री जवान पावसात वाळूची पोती रचत होते. बांध वाचला नाही, १२ तारखेला सकाळी फुटला, आणि पाठोपाठ खडकवासलाही. पण तो रात्री फुटला असता तर पुण्याची गत काय झाली असती? जवानांनी शहराला दिवसाचा उजेड मिळवून दिला. मिळालेल्या तासांचा उपयोग मात्र तेवढा झाला नाही. वेळेत स्पष्ट इशारा मिळाला नाही, ही पुणेकरांची तक्रार पुढे कित्येक वर्षं राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं भुईसपाट झाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हाही ढिगारे उपसायला आणि प्रेतांना अग्नी द्यायला लष्करच होतं, कारण दुसरं प्रशिक्षित दलच देशात नव्हतं.

ते पुढे तयार झालं. २००४ च्या त्सुनामीनंतर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, जिल्हाधिकारी हा जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष ठरला, आणि २००६ पासून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, बटालियन उभ्या राहिल्या. त्यांपैकी पाचवी मावळात, सुदुंबऱ्याला आहे. हे दल गृह मंत्रालयाचं, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशांतून आलेल्या जवानांचं. ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणं, पुरात बोट चालवणं, हेच त्याचं काम. मग आता लष्कर कशासाठी? जी गोष्ट दुसऱ्या कोणाकडेच नसते, तिच्यासाठी.

केरळातल्या वायनाडमध्ये ती गोष्ट होती पूल. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला या गावांवर डोंगर कोसळला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. चूरलमलाचा पूल वाहून गेला आणि पलीकडचं मुंडक्कई तुटलं. पहिले काही तास गावकरी, अग्निशमन दल, एनडीआरएफ आणि प्रादेशिक सेनेचे जवान दोरखंडाच्या आधाराने माणसं अलीकडे आणत होते. पण जेसीबी दोरावरून जात नाही. आणि जेसीबीशिवाय घरांवर आलेले खडक हलत नाहीत.

बेली पूल ही दुसऱ्या महायुद्धातली युक्ती. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली याने आखलेला हा पूल म्हणजे पोलादी चौकटींचा जोडसांधा. चौकटी माणसांना हातांनी उचलता येतात, त्या पिनांनी जोडतात, क्रेन किंवा वेल्डिंग लागत नाही. पूल एका काठावर जोडत जोडत रुळांवरून पलीकडे ढकलतात. पुढचं टोक अधांतरी असताना पाण्यात कोसळू नये म्हणून समोर हलक्या चौकटींचं नाक लावतात आणि मागे वजन ठेवतात. वायनाडसाठी काही सामान बंगळुरूहून रस्त्याने आलं, काही दिल्लीहून हवाई दलाच्या विमानांनी कन्नूरला उतरलं आणि तिथून ट्रकने घाटात चढलं. मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी रात्रभर काम करून १९० फुटांचा, २४ टनांचा भार पेलणारा पूल १ ऑगस्टच्या संध्याकाळी उभा केला. त्या कामावरच्या अधिकारी होत्या मेजर सीता शेळके, पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. पुलावर उभ्या असलेल्या त्यांच्या छायाचित्राने महाराष्ट्रात पुष्कळांचा ऊर भरून आला, आणि तो भरावाच.

पण त्या छायाचित्रात न आलेलं काम मला जास्त शिकवणारं वाटतं. ते दुसऱ्या दिवशी सुरू झालं. आपद्ग्रस्त भागाचे सहा विभाग पाडले आणि चाळीस पथकं उतरवली. त्यांत लष्कर, नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ सगळे होते. आणि प्रत्येक पथकाबरोबर तीन स्थानिक माणसं आणि वन विभागाचा एक कर्मचारी होता. का? कारण चिखलाचं सपाट मैदान झालेल्या जागी घर कुठे होतं, हे जवानाला माहीत असण्याचं कारणच नाही. ते शेजाऱ्याला माहीत. त्या घरात त्या रात्री किती माणसं झोपली होती, पाहुणे आले होते का, हेही त्यालाच ठाऊक. खाली चालियार नदीत वाहून गेलेली प्रेतं शोधायची तर काठच्या पोलीस ठाण्यांना नदीची वळणं आणि पोहणारी माणसं माहीत. पोलाद सैन्याचं, पत्ता गावाचा. ८ ऑगस्टला बहुतेक सैन्य माघारी गेलं, पुलाची देखभाल करणारी छोटी तुकडी मागे राहिली. लष्करातलं एक सूत्र आहे, शेवटी यायचं आणि आधी निघायचं. तिथे ते पाळलं गेलं.

सगळीकडे इतकं सुरळीत होत नाही. महसूल खात्याचा नकाशा गाव, शिवार आणि गट नंबरांचा असतो. लष्कराचा ग्रिडचा, अक्षांश-रेखांशांचा. ‘मारुतीच्या देवळामागची वस्ती’ हा पत्ता तलाठ्याला पुरतो, हेलिकॉप्टरच्या पायलटला नाही. दोन्ही भाषा येणारा एक माणूस नियंत्रण कक्षात बसवला की अर्धं काम सोपं होतं, आणि तो बसवायचं हमखास राहून जातं. बिनतारी संच वेगवेगळ्या वारंवारितांवर चालतात. पाहणीसाठी पाहुणे मंत्री आले की हेलिपॅड अडकतो. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या अरुंद दऱ्यांतून हवाई दल, लष्कर आणि खासगी कंपन्या यांची हेलिकॉप्टरं एकाच वेळी उडत होती, आणि कोण कधी कुठून जाईल हे सांभाळणं हीच एक मोहीम झाली होती. २५ जूनला गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एक एमआय-१७ कोसळलं. त्यात गेलेल्या वीस जणांत पाच हवाई दलाचे, नऊ एनडीआरएफचे आणि सहा भारत-तिबेट सीमा पोलिसांचे होते. कोण कोणाबरोबर काम करत होतं, ते त्या यादीतून कळतं.

संकट नसतानाही ही भागीदारी रोज चालू असते, फक्त तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. तुमचं दिल्लीचं विमान ज्या धावपट्टीवरून उडतं, तिच्यावरून लढाऊ विमानंही उडतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या डांबरीकरणासाठी हवाई दलाने ती चौदा दिवस पूर्ण बंद ठेवली, तेव्हा कित्येक पुणेकरांना मालक कोण ते पहिल्यांदा समजलं. गोव्याचा दाबोळी हा नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ. तिथे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाणांसाठी राखून ठेवलेले. पर्यटनाचा धंदा वाढला तशी त्या तासांवरून कुरबुर वाढली, आणि मोपाच्या नव्या विमानतळामागे जी कारणं होती त्यांत हेही एक होतं.

करोनाच्या लाटेतला, एप्रिल २०२१ चा प्राणवायू हा मला या दोहोंमधला, म्हणजे रोजच्या आणि आणीबाणीच्या कामाचा मेळ वाटतो. द्रवरूप प्राणवायूने भरलेला टँकर विमानातून नेणं धोक्याचं. म्हणून हवाई दलाची अवजड मालवाहू विमानं रिकामे टँकर कारखान्यापर्यंत नेत, आणि भरलेले टँकर रस्त्याने किंवा रेल्वेने परत येत. वाचलेला वेळ हा जाण्याच्या एका खेपेचा, पण तेव्हा तासांचा हिशेब होता. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेली आणि भरून नागपूर-नाशिकला आली. टँकर पुलांखालून आणि विजेच्या तारांखालून जातील का, हे रेल्वेला आधी मोजून पाहावं लागलं. कोणता टँकर कोणत्या जिल्ह्याला, हा सगळ्यात कठीण निर्णय मात्र मुलकी अधिकाऱ्यांचाच होता.

आता एक अवघड जागा. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. महिन्याभराने संरक्षणमंत्री, रेल्वेमंत्री आणि मुख्यमंत्री एकत्र तिथे आले आणि जाहीर झालं की एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली इथले पादचारी पूल लष्कर बांधेल. बॉम्बे सॅपर्सनी ते बांधले, २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुलेही झाले. चार महिन्यांच्या आत. मुंबईकर खूश झाले. नाराज झालेल्यांत पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग होते, जे स्वतः लष्करात कॅप्टन होते. सैन्याचं काम युद्धाची तयारी करण्याचं आहे, नागरी बांधकामं करण्याचं नाही, असा त्यांचा आक्षेप.

मी या वादात अमरिंदर सिंग यांच्या बाजूचा आहे, त्या पुलावरून गेलेल्यांची कृतज्ञता समजूनही. वायनाडमध्ये पर्याय नव्हता. एल्फिन्स्टन रोडला होता. देशभर हजारो पूल बांधलेल्या रेल्वेला पादचारी पूल बांधता येत नव्हता असं नाही. तो मंजुऱ्या आणि निविदांच्या रांगेत अडकला होता. रांग तशीच ठेवून लष्कराला तिला वळसा घालायला सांगितलं, तर पुढच्या पुलासाठीही तीच रांग उभी राहते.

पैशाचा प्रश्नही अशाच वेळी वर येतो. लष्कराची मदत फुकट नसते. विमानं आणि हेलिकॉप्टरं यांचा खर्च राज्याकडून मागितला जातो. २०२४ च्या अखेरीस केंद्राने केरळकडे आपत्तींमधल्या हवाई मदतीपोटी १३२ कोटींहून अधिक रुपये मागितले, आणि त्यात आधीच्या पुरांबरोबर वायनाडचाही खर्च होता. केरळात संताप उसळला, प्रकरण उच्च न्यायालयातही पोहोचलं. हिशेबाच्या दृष्टीने यात नवीन काही नव्हतं, पण बिलाची वेळ चुकली होती.

या सगळ्या यंत्रणेची खरी परीक्षा पुरात होत असली, तरी तिची बांधणी दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी एका कंटाळवाण्या कार्यक्रमात होते. मान्सूनपूर्व आढावा बैठक. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात पाटबंधारे, महावितरण, आरोग्य, बांधकाम, पोलीस, एनडीआरएफ आणि लष्कराचे प्रतिनिधी बसतात. बोटी किती, त्यांतल्या चालू किती, कोणत्या गावाला उतरायला मैदान आहे, धरणातून किती पाणी सोडलं की कुठला पूल बुडतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाल्यावर हे प्रश्न फार उशिरा विचारले गेले असं पुष्कळांना वाटलं, आणि अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून कर्नाटकाशी होणारी बोलणी त्यानंतर पुन्हा बातम्यांत येऊ लागली. बैठकीला आलेला मेजर पुढच्या वर्षी दुसऱ्या छावणीत असेल, जिल्हाधिकारीही बहुधा बदललेला असेल. म्हणून चांगला निवासी उपजिल्हाधिकारी चहा झाल्यावर दोघांचे फोन नंबर इतिवृत्तात टाकतो, आणि त्यांच्या शेजारी दोन्ही कार्यालयांतल्या कधीच न बदलणाऱ्या कारकुनांचेही.